गिअरची बाईक नीट शिकवणारं नाशकात कुणी आहे का?

म्हसरूळची_माधुरी

नमस्कार मंडळी. मी कृषी खात्यात नोकरीला आहे, बदली दिंडोरी तालुक्यात झाली आहे. आजवर स्कूटरवर भागलं. पण इथे गावापर्यंत डांबर आणि पुढे मळ्यापर्यंत काळी माती. पावसात स्कूटरची छोटी चाकं चिखलात अशी रुततात की बागायतदार येऊन ढकलेपर्यंत तिथेच उभं राहायचं. म्हणून जुनी १५० सीसीची गाडी घेतली, २०२१ची. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, फक्त पुढच्या चाकाला आहे.

माझ्या लायसन्सवर विना गिअरचीच नोंद होती. गिअरचं लर्निंग काढलंय, महिना झाला की पेठ रोडला टेस्ट. म्हणजे कागदाचं सुरळीत चाललंय, अडलंय ते शिकण्याचं.

ड्रायव्हिंग स्कूलवाले सगळे कारचे. एकाने विचारलं, "मॅडम, बाईकचं काय शिकायचं असतं?" दुसरा म्हणाला, तुमचीच गाडी आणा, टेस्टला लागतो तो आठचा आकडा काढून घेतो, बाकी येतं हळूहळू. एका शोरूमने 'सुरक्षित रायडिंग' म्हणून बोलावलं. तिथे तासभर पडद्यावर चित्रं दाखवली, हेल्मेट घालून सगळ्यांचा फोटो काढला, चहा दिला. गाडीला हात कुणीच लावला नाही. रायडिंगवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये विचारलं, तर ते म्हणे आधी पक्कं लायसन्स आणि थोडा अनुभव हवा. अहो, अनुभवच शिकायला आलेय ना!

घरात धाकटे दीर शिकवायला तयार आहेत. स्वतः छान चालवतात, पण शिकवताना "सोड ना क्लच, सोड ना" याच्या पुढे गाडी जात नाही. माझी गाडीही जात नाही.

मला आठ नकोय. समोर अचानक काही आलं तर थांबायचं कसं आणि वळणावर गाडी बाहेर का जाते, हे कुणी समोर उभं राहून शिकवेल का? रविवार सोयीचा. फी द्यायला तयार आहे.

मिसळ_सातपूर

ताई, टेन्शन घेऊ नका. पहाटे सहाला गंगापूर रोड रिकामा असतो, दोन-चार चकरा मारा, हात बसतो. आम्ही कुठे कोर्स केला? मामाच्या गाडीवर शिकलो. यूट्यूबवर सगळं आहे.

जुना_कारकून

मिसळराव, मामाकडून शिकलेल्यांबद्दलच एक जुना तपास आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात ९०० दुचाकी अपघातांच्या जागी जाऊन प्रा. हर्ट यांच्या चमूने पाहणी केली, अहवाल १९८१चा. अपघातातले ९२ टक्के चालक आपले आपण किंवा घरच्या-मित्रांकडून शिकलेले निघाले. निम्म्याहून जास्त जणांना त्या गाडीचा अनुभव पाच महिन्यांहून कमी होता. आता तेव्हा बहुतेक लोक असेच शिकत असणार, त्यामुळे ९२चा आकडा जपूनच वाचावा. मला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. नवी गाडी घेतल्यावरचे पहिले महिने, म्हणजे माधुरीताईंचे आत्ताचे दिवस.

ताई, मला माहीत असलेली ठिकाणं सांगतो. तिडके कॉलनीतलं ट्रॅफिक पार्क तुम्ही पाहिलं असेल. तिथे नियम, चिन्हं, सिग्नल यांवर भर, शाळांच्या सहली जास्त. २०२१ला 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' चालू होतं तेव्हा विना हेल्मेट सापडलेल्या बऱ्याच मोठ्या माणसांनाही तिथलं दर्शन घडलं. येवल्याला होंडाने चालवायला घेतलेलं पार्क आहे, फोन करून विचारा. आणि पुण्यात आयडीटीआर ही गाडी चालवायला शिकवणारी संस्था, कासारवाडीला. पत्त्यात नाशिक फाटा आहे, तेवढंच आपलं नाशिक! तिथे खरा ट्रॅक आहे. जाण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: दुचाकीची तुकडी कधी आहे, आणि लर्निंगवर घेतात का.

तोवर 'एल'ची पाटी पुढे-मागे लावा. मागे कुणी बसणार असेल तर तो शिकवणाराच हवा आणि त्याचं लायसन्स हवं, मैत्रीण चालणार नाही. हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. रस्त्याकडेला टांगलेली स्वस्त हेल्मेटं नकोत.

निवृत्त_स्टेअरिंग

ताई, मी एस.टी.त चालक होतो. कळवण, सप्तशृंगी गड, पेठ, सगळीकडे गाडी नेली. घरी बुलेट आहे. लेकीला आणि सुनेला दोघींना मीच शिकवलं, त्यामुळे थोडं बोलतो.

तुमच्यासारख्यांची अडचण दिरांना कळणार नाही, कारण ते स्कूटरवर शिकलेले नसणार. स्कूटरवर माणूस घाबरला की दोन्ही मुठी आवळतो आणि गाडी थांबते. डाव्या मुठीत ब्रेक आहे ना! नव्या स्कूटरांवर तर ती डावी मूठ पुढचं-मागचं दोन्ही धरते. बाईकवर त्याच जागी क्लच. घाबरून डावी मूठ आवळली की इंजिनचा अटकाव सुटतो आणि गाडी उतारावरच्या गाड्यासारखी मोकळी धावते. मागचा ब्रेक आता उजव्या पायाला आहे, ते हाताला माहीतच नसतं. माझ्या सुनेचं हेच व्हायचं, आणि ती स्कूटर उत्तम चालवायची.

त्यामुळे पहिले काही दिवस इंजिन बंद. गाडी स्टँडवर, तुम्ही वर. कुणीतरी समोरून "थांब" ओरडायचं. उजवी बोटं आणि उजवा पाय आधी, डावी मूठ सगळ्यात शेवटी. घरचे हसतील, हसू द्या. लेकीच्या वेळी शेजारच्या पोरांना ओरडायचं काम दिलं होतं, ती फुकट आणि आनंदाने करतात.

मग मोकळी जागा, पहिला गिअर, चालण्याच्या वेगाने. ते जमलं की वीस, मग तीस, मग चाळीस. पुढचा ब्रेक एकदम खेचायचा नाही. आधी हलका दाबायचा, गाडीचं वजन पुढच्या चाकावर येऊ द्यायचं, मग जोर वाढवत न्यायचा. थांबवण्याचं मोठं काम पुढचंच चाक करतं. "पुढचा दाबला की पडतो" असं सांगणारे लोक वळणात किंवा वाळूवर पडलेले असतात. ब्रेक लावताना उजवं मनगट खाली गेलं तर ॲक्सिलरेटरही पिळला जातो, म्हणून मनगट सरळ. तुमच्या मागच्या चाकाला एबीएस नाही, ते घासत जाणार. हे एकदा कोरड्या जागी, कमी वेगात मुद्दाम करून बघा. आणि पुढचं एबीएस लागतं तेव्हा ब्रेकची मूठ थरथरते, तेही आधी अनुभवा. नाहीतर ऐन वेळी बिघाड झाला समजून माणूस ब्रेक सोडून देतो.

वेगाचं सांगतो. साठने जाताना गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. आमची बस अकरा-बारा मीटरची. समोरचं दिसून बोटं हलेपर्यंत सेकंद जातोच, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच दीड बस पुढे गेलात. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. दिंडोरी रोडला साठ म्हणजे फार नाही असं वाटतं, म्हणून सांगितलं.

वळणावर गाडी बाहेर जाते ती बहुतेक वेळा नजरेमुळे. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल. वेग वळणाच्या आधी उतरवायचा, मग मान वळवून जिथे निघायचंय तिथे बघायचं. इथे तुमचं ते आठ कामाला येतं, त्याला नावं ठेवू नका. अर्धा क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय, नजर पुढच्या वळणावर. हे जमलं की मळ्याच्या बांधावरही गाडी वळेल.

आता चालकाच्या सीटवरून. बसच्या डाव्या अंगाला, पुढच्या दारापाशी, आणि अगदी मागे चिकटून कुणी असेल तर आम्हाला दिसत नाही. माझा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही मला दिसत नाही, एवढं धरून चाला. दिंडोरीकडे दिवस मावळल्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे दिवा असेल या आशेवर राहू नका. टोमॅटोच्या दिवसांत क्रेट बाहेर आलेले असतात. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने डांबरावर टाकलेला चिखल ओला असेल तर त्यावर ब्रेक आणि वळण दोन्ही नको, सरळ, हळू.

पुण्याचा कोर्स लायसन्स आल्यावर जरूर करा. ट्रॅकवर करता येतं ते मला मैदानात करून दाखवता येणार नाही.

जागेचं म्हणाल तर पूर्वी तपोवनात लोक शिकायचे, आता २०२७च्या कुंभाची कामं. आडगावकडे माझ्या भाच्याचं मंगल कार्यालय आहे, पार्किंगला चांगलं डांबर आहे. चातुर्मासात लग्नं नाहीत, रिकामंच पडलंय. रविवारी सकाळी मी असतो. घरचं कुणी सोबत घेऊन या. फी नको.

म्हसरूळची_माधुरी

काका, डाव्या मुठीचं वाचून खाली पार्किंगमध्ये जाऊन बसले. दिरांनी "थांब" म्हटलं आणि पहिली डावीच आवळली गेली! दिरांचा चेहरा बघण्यासारखा होता. आता तेच रोज संध्याकाळी ओरडणार आहेत, शेजारच्या पोरांची गरज नाही.

रविवारी येते, दीर सोबत असतील. पाऊस असला तर? आणि काय काय आणू? येवल्याला आणि पुण्याला उद्या जेवणाच्या सुट्टीत फोन करते, काय म्हणाले ते इथेच लिहीन.

निवृत्त_स्टेअरिंग

भुरभुर असेल तर या, ओल्यातलंही शिकायचंय. जोराचा असेल तर चहा पिऊ. घोटा झाकेल असा बूट, पूर्ण पँट, हातमोजे. चपला नकोत. जुने टेनिस बॉल असतील तर अर्धे कापून आणा, खुणेला ठेवायला. गाडी वरून गेली तरी घसरत नाही. हवेचा दाब आदल्या दिवशी बघा, जुन्या गाडीची चेनही. चेन सैल असेल तर झटके बसतात आणि माणसाला वाटतं आपलाच क्लच चुकतोय.

तुळशीच्या लग्नापर्यंत जागा आपली. नंतर भाचा हाकलेल.

पाथर्डी_फाटा_७७

काका, मीही येऊ का? मुलगा पुण्याला गेला, त्याची बाईक दारात पडून आहे. वय ५२, स्कूटर चालवते. लर्निंग अजून काढलेलं नाही.

निवृत्त_स्टेअरिंग

आधी लर्निंग काढा, मग या. तोवर इंजिन बंद ठेवून "थांब"चा सराव घरी करा, त्याला लायसन्स लागत नाही.

मिसळ_सातपूर

काका, टेनिस बॉल माझ्याकडे आहेत. मी पण येतो. मामाने पुढचा ब्रेक वापरूच नको सांगितलं होतं.

निवृत्त_स्टेअरिंग

ये. हेल्मेट डोक्यावर घालून ये, कोपरात अडकवून नको.