मदत हवी आहे: नवं फोम पॅड पॉलिशिंगआधी कसं तयार करायचं?

नमस्कार मंडळी,

बाबांची काळी सेडान आहे, रंग अजून कंपनीचाच. सोसायटीत रोज सकाळी कोरड्या फडक्यानं धूळ पुसली जाते, त्यामुळे गाडी उन्हात उभी केली की बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे चमकतात. बाबांचा या गाडीवर फार जीव आहे. मला ती पुन्हा काळीभोर करून द्यायची आहे, आणि तेही क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, शक्य तितका वाचवून.

डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) पॉलिशर आहे, म्हणजे पॅड गोल फिरवता फिरवता हलवणारं मशीन; १५ मिमी ऑर्बिटचा, ५ इंची बॅकिंग प्लेटचा (पॅड जिच्यावर चिकटतं ती चकती). गाडी धुऊन क्ले बारही (रंगाला चिकटलेली घाण काढणारी मातीसारखी वडी) फिरवून झाला. अडलंय ते पॅडपाशी. नवं कोरडं पॅड लावलं की पहिल्या भागावर ते थरथरतं, पांढरी पूड उडते आणि पुसल्यावर रंग धुकट दिसतो. तेच पॅड, तेच कंपाउंड (ओरखडे घासून काढणारी पेस्ट), तोच वेग, पण पुढच्या भागांवर काम छान होतं. म्हणजे सुरुवातीला फोम पुरेसा भिजलेला नसतो असं मला वाटतं.

दुकानदार म्हणतो, पाण्याचे दोन फवारे मार. ते करावं का? की कंपाउंडच जिरवायचं, आणि किती? आमच्या नागपुरात उन्हाळ्यात ते भराभर सुकतं, त्यावर काय करता?

प्रतिसाद

निदान बरोबर आहे. कोरड्या फोमच्या ज्या भागाला कंपाउंड लागलेलं नसतं, तो भाग रंगावर नुसता घासला जातो. धुकटपणा त्यातूनच येतो, आणि काळ्या रंगावर तो लगेच दिसतो.

हातमोजा घालून कंपाउंड बोटानं पॅडच्या सगळ्या पृष्ठभागावर चोळून जिरवा, अगदी कडेपर्यंत. छिद्रं भरली पाहिजेत, पण वर थर राहता कामा नये. राहिलाच तर मायक्रोफायबरनं टिपून घ्या, कारण जास्त झालेलं कंपाउंड घसरतं आणि कापत नाही. मग वर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन बंद असतानाच पॅड रंगावर टेकवायचं, सगळ्यात कमी वेगावर कंपाउंड पसरवायचं आणि नंतर वेग वाढवायचा. पुढच्या भागांना फक्त थेंब पुरतात.

पाणी नको. कंपाउंड पातळ होतं आणि शिंतोडे उडतात. बाटलीवर कंपनीनंच सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. नागपूरच्या उन्हावर उपाय एकच: पहाटे, सावलीत, पत्रा हाताला थंड लागत असताना काम करा. एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोनच घ्या.

दर भागानंतर पॅडवर नायलॉनचा ब्रश फिरवा, म्हणजे कापलेला रंग आणि वापरलेलं कंपाउंड निघून जाईल. एका पॅडवर अख्खी गाडी करू नका. फोम तापला की मऊ पडतो आणि वेल्क्रोचा गोंदही सुटतो. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करनं एक रेघ मारा. रेघ फिरताना दिसली नाही तर दाब जास्त होतोय.

रंगावरून पॅड निवडू नका, हे मात्र नक्की लक्षात ठेवा. रुपेस कंपनीचं पिवळं पॅड बारीक कामाचं आहे, लेक कंट्री कंपनीचं पिवळं मात्र कडक कटिंगचं, म्हणजे जास्त कापणारं. काळ्या गाडीवर एवढी गफलत महागात पडते. क्लिअर कोट बहुतेक गाड्यांवर ४०-५० मायक्रॉनच्या आसपासच असतो, म्हणून मऊ पॅड आणि बारीक पॉलिशनं एका कोपऱ्यावर चाचणी घ्या. ओरखडे त्यानंच गेले तर कटिंग पॅड बाहेर काढायची गरजच नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार! पहिल्या भागाचं कोडं सुटलं. पॅड धुऊन वाळवल्यावर पुन्हा सगळीकडे कंपाउंड जिरवायचं का?

प्रतिसाद

हो, धुतलेलं पॅड नव्याइतकंच कोरडं असतं. कोमट पाण्यात सौम्य क्लीनर घालून दाबून दाबून धुवा, पिळू नका. वाळवताना फोमची बाजू खाली ठेवा, म्हणजे पाणी गोंदाकडे उतरत नाही. पूर्ण सुकल्याशिवाय मशीनला लावू नका.