तीन वर्षांचा घोडा आणि मोठा भाव: नक्की बघायचं काय?

हडपसर_स्टँड
मागच्या रविवारी मित्राबरोबर पुण्याच्या रेसकोर्सवर पहिल्यांदा गेलो. अजून एकही रेस न जिंकलेल्या तीन वर्षांच्या घोड्यांची १२०० मीटरची रेस होती. मी गुमान फेवरिटवर शंभर लावले, तो तिसरा. शेजारच्या आजोबांनी वीसचा भाव असलेला घोडा (आला तर रुपयाला वीस, शिवाय लावलेला रुपया परत) घेतला होता, तो आला. कसं ओळखलंत विचारलं, तर म्हणाले, "दिसतं रे ते." काय दिसतं? मला तर सगळे तपकिरीच दिसले. रेसला शंभरच्या वर जाणार नाही, बायकोला तसं सांगून आलोय.

निळी_टोपी
एकच सांगतो, टिप विकणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपात शिरू नका. ज्याला घोडा माहीत आहे तो तुम्हाला ५०० रुपयांत का विकेल? आणि बाहेरच्या बुकीकडे फोनवर लावणं बेकायदा आहे, ते वेगळंच.

घोरपडी_गाव
या कोर्सवर तीस पावसाळे काढलेत, त्यातले वीस तरी हरण्यात. तेवढ्या अधिकाराने लिहितो.

भाव मोठा का आहे, हे आधी विचारायचं. घोडा खरंच सुमार असेल तर भाव बरोबरच आहे, सोडून द्या. मी शोधतो तो घोडा, ज्याचा मागचा नंबर वाईट पण पळणं वाईट नव्हतं. कोवळ्या घोड्यांत असे बरेच सापडतात, कारण पहिल्या रेसला त्यांना काहीच कळत नसतं. गेट उघडलं तरी उभे राहतात, इकडेतिकडे बघतात, तोंडावर माती उडाली की बिचकतात. छापील निकालात फक्त "सहावा, सात लेंथ मागे" एवढंच येतं (लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी).

म्हणून व्हिडिओ बघा, आणि पहिला येणाऱ्याकडे बघूच नका. शेवटच्या ३०० मीटरमध्ये मागून कोण येतंय ते बघा. मला मागे एक घोडी अशी दिसली होती. सुटतानाच चार लेंथ गमावले, वळणावर शेवटून दुसरी, आणि सरळ पट्ट्यात पाच घोडे मागे टाकून सहावी. जॉकीने चाबूकही काढला नव्हता. आई लांब पल्ल्याच्या घराण्यातली. अशा घोडीला १२०० मीटर म्हणजे नुसती शाळा. मालकाच्या डोक्यात फेब्रुवारीतली २४०० मीटरची डर्बी असते, पावसाळ्यातली छोटी रेस नसते. पुढच्या वेळी ती १६०० मीटरला उतरली, भाव चौदा. लोक सहाव्या नंबरकडे बघत होते. मी २०० लावले. आली, तीही आरामात.

दुसरी गोष्ट वयाची. आपल्याकडे सगळ्या घोड्यांचं वय १ जानेवारीला वाढतं. जानेवारीत जन्मलेला आणि मेमध्ये जन्मलेला, दोघंही कागदावर तीन वर्षांचे. जुलैत तो चार महिन्यांचा फरक अंगावर दिसतो: उशिराचं पोर मागच्या बाजूला, पुठ्ठ्यात भरलेलं नसतं, पाय लांब आणि धड बारीक. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत ते भरून येतं. लोक मात्र जुलैचा निकालच धरून बसतात. जन्मतारीख स्टड बुकात, म्हणजे घोड्यांच्या जन्मनोंदीच्या वहीत, मिळते, बघायचा कंटाळा करू नका.

पॅडॉकला जाच, म्हणजे रेसच्या आधी घोडे फिरवून दाखवतात तिथे. मान खाली सोडून ढांगा टाकत चालतो तो आवडतो. एका घोड्याला दोन सईस (घोडा सांभाळणारे) धरून असतील तर जरा सावध. मागच्या पायांमध्ये साबणासारखा फेस दिसला तर घोडा रेसच्या आधीच अर्धा पळून झालाय. (पावसाळ्यात दमट हवेने सगळेच घामेजतात, त्यामुळे एकट्या घामावरून निकाल देऊ नका. मी दिलाय, पैसे गेलेत.)

एकाच ट्रेनरचे दोन घोडे असतील तर दुसऱ्याकडेही बघा. मोठा जॉकी ज्यावर बसतो त्याचा भाव उतरतो, दुसऱ्याचा उगाच चढतो. जॉकीही सकाळच्या सरावावरूनच निवडतो, आणि कोवळे घोडे सकाळी एक दाखवतात, दुपारी दुसरंच.

वानवडी_कोपरा
काका, तुमची ती चौदावाली घोडी सगळ्यांना पाठ झाली. न आलेल्या घोड्यांचंही लिहा की!

घोरपडी_गाव
लिहितो, लाजायचं काय त्यात. वहीत आहे. त्या सीझनला असे अकरा घोडे लावले, प्रत्येकी २००. दोन आले, एक चौदाला आणि एक नऊला. बाकी नऊमधले चार तर शेवटी जोरात येणारे नव्हतेच, पुढचे दमले म्हणून हे जोरात वाटले. हा फरक मला अजूनही दर वेळी कळत नाही. पुढच्यांच्या शेवटच्या ४०० मीटरच्या वेळा बघितल्या तर थोडा कळतो. कर वजा जाता दोनेक हजार उरले. तिकीट, पेट्रोल आणि वडापावात तेही गेले.

निळी_टोपी
कराचं नवीन माणसाला नीट सांगा. पैजेच्या पूर्ण रकमेवर जीएसटी आहे, जिंकलेल्या पैशावर नव्हे. आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४०. म्हणजे शंभराच्या पैजेला खिशातून १४० गेले असं धरा. पंधराचा भाव असेल तर कर नसताना सोळात एकदा आलं तरी बरोबरी होते. कर धरला की साडेअकरात एकदा यायला हवं. त्यामुळे "लागला तर लागला" म्हणून प्रत्येक मोठ्या भावाला हात घालू नका. आणि एका पैजेत दहा हजारांच्या वर जिंकलात तर ३० टक्के टीडीएस कापतात.

हडपसर_स्टँड
दहा हजार! तुमच्या तोंडात साखर पडो.
काल रात्री त्या रेसचा व्हिडिओ चार वेळा बघितला. आजोबांचा घोडा जिंकला ते सोडा. पांढऱ्या टोपीचा एक जॉकी सुटतानाच मागे राहिला आणि शेवटी पाचवा आला, हात न हलवता. स्टड बुकात बघितलं, जन्म एप्रिलअखेरचा.

घोरपडी_गाव
पुढे १४०० किंवा १६०० ला नाव लागलं तर पॅडॉकपाशी भेटा. वही घेऊन या. पहिल्या वेळी लावू नका, नुसतं लिहा.

हडपसर_स्टँड
पन्नास तरी लावू द्या, काका.