देवस्थानाचं चेकबुक बंद करावं का?

देवगडचा बागायतदार

गेल्या रविवारी आमच्या वाडीच्या देवस्थान मंडळाची सभा झाली. मुंबईहून आलेल्या मंडळींनी सूचना मांडली: चेकबुक बंद करा, खजिनदाराच्या मोबाइलवर यूपीआय घ्या, मांडववाल्यापासून वाजंत्र्यांपर्यंत सगळ्यांचे पैसे जिथल्या तिथे देऊन टाका. विरोध करणारा मी एकटाच. सभेत गलका झाला, धड बोलता आलं नाही, म्हणून इथे मांडतो.

यूपीआयशी माझं भांडण नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये ते आलं तेव्हा गावात कुणाला नावही ठाऊक नव्हतं, आज आमच्या नाक्यावरचा वडेवालासुद्धा सुटे मागत नाही. पण चेक म्हणजे नुसते पैसे देणं नव्हे. तो तारीख घालून, सही करून दिलेला शब्द असतो.

२०१९ च्या हंगामात मी वाशीच्या एका दलालाकडे आंबा घातला. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आला, पैसे मात्र ‘पुढच्या आठवड्यात’. असे पाच आठवडे गेले. शेवटी त्याने दीड लाखाचा पुढच्या तारखेचा चेक दिला. तो वटलाच नाही, अपुऱ्या शिलकीचा शेरा घेऊन परत आला. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते, ती मी वकिलाकडून दिली. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर कलम १३८ खाली खटला भरता येतो. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं. बाराव्या दिवशी पैसे खात्यात जमा. तो नुसता ‘मोबाइलवर टाकतो ना’ म्हणाला असता, तर वकिलाला मी काय नेऊन दाखवणार होतो?

आणि देवस्थानाचा पैसा वाडीचा आहे. चेकवर अध्यक्ष आणि खजिनदार अशा दोन सह्या लागतात. मोबाइलवर एकाचा पिन पुरतो. वर्गणी देणाऱ्या माणसाला हे मान्य आहे का?

हर्णै बंदर

दादा, तुमचा चेक तुमच्या कामी आला, चांगलंच झालं. पण आमच्या धंद्यात चेक आलाच कधी? संध्याकाळी लिलावाला उभं राहायचं, बोली लागली की रोख मोजायची. रोख नसली की उचल घ्यायची आणि पुढचा महिना ती फेडत बसायचं. एकदा एका हॉटेलवाल्याने आठशे रुपयांच्या मासळीचा चेक देऊ केला. माझं खातं तेव्हा दापोलीला. चेक भरायला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि अर्ध्या दिवसाचा धंदा पाण्यात. मी म्हटलं, मासळी परत ठेवा.

आता क्यूआरचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाटीच्या कडेला सुतळीने बांधलंय. हात खवल्यांनी भरलेले असतात, नोट धरली तर नोटही वास मारते. डबा बोलतो, ‘तीनशे वीस रुपये प्राप्त झाले’, आणि मी मान वर न करता पुढची सुरमई कापायला घेते. पैसे माझ्या खात्यात पडतात, घरात कुणाच्या हाती लागत नाहीत. गेल्या वर्षी बँकेने त्याच जमेकडे बघून मला कर्ज दिलं. चेकबुक असणाऱ्यांना हे फार मोठं वाटणार नाही. मला वाटतं.

चिपळूणकर

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या दुकानात छातीच्या वर पाणी होतं. वीज गेली, रेंज गेली, यूपीआय बंद. चेकबुक गल्ल्याखालच्या खणात होतं. बाहेर काढलं तर पानं एकमेकांना चिकटलेली आणि शिक्क्याची शाई सगळीकडे पसरलेली. दूध आणि मेणबत्त्या मिळाल्या त्या आईने डब्यात ठेवलेल्या रोख पैशांवर. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, तिथल्यांनाही हे सांगायला नको. तुम्ही दोघं हवं ते घ्या, पण घरात चार दिवसांची रोकड ठेवा.

रत्नागिरीचा जुना कॅशियर

बागायतदार, तुमच्या दोन मुद्द्यांतला पहिला अर्धा बरोबर आहे. चेकमागे कायदा आहे, पण कायद्यापुढे रांगही आहे. २०१९ अखेर देशात कलम १३८ चे ३५ लाखांवर खटले पडून होते. तुमचा दलाल नोटिशीला घाबरला, प्रत्येक जण घाबरत नाही. आणि खात्यातून ठरल्या तारखेला पैसे वळते करायची लेखी संमती दिली आणि शिलकीअभावी ते वळले नाहीत, तर २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली तोही गुन्हाच. आंब्याच्या दलालाकडून अशी संमती लिहून घेणारा बागायतदार मात्र मला अजून भेटलेला नाही, तेव्हा तिथे चेकच घ्या.

चेक संपला असंही म्हणू नका. तो बदललाय. २०१२ पासून तो सहा नाही, तीनच महिने चालतो. कागद आता बँकाबँकांतून फिरत नाही, त्याचं चित्र जातं. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर दिवसभर चित्रं पाठवत राहून त्याच दिवशी निकाल लावायची पद्धत आली. अमेरिकेच्या सरकारने ३० सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक देणी कागदी चेकने देणं थांबवलं. उलट ब्रिटनमध्ये २०१८ ला चेक बंद करायचं ठरलं होतं, ते म्हाताऱ्या माणसांच्या आणि छोट्या संस्थांच्या तक्रारींमुळे २०११ मध्येच मागे घ्यावं लागलं. तुमचं मंडळ ही अशीच छोटी संस्था.

पण दोन सह्यांना कागदच लागतो असं नाही. ग्रामपंचायतीत वित्त आयोगाचे पैसे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) या दोघांच्या डिजिटल सहीने जातात. मंडळाच्या खात्याला नेट बँकिंगमध्ये एकाने भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं, अशी सोय आहे का ते शाखेत विचारा. खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरावर देवस्थानाचा पैसा मात्र अजिबात घेऊ नका. सूचना मांडणाऱ्यांचं तिथेच चुकलंय.

डोंबिवलीहून, मूळ देवगड

सूचना मांडणाऱ्यांत मी होतो. नंबराचं कॅशियरकाकांचं म्हणणं मान्य, ते मी मागे घेतो. पण काका, दोन सह्यांचं एवढं सांगताय म्हणून विचारतो. आपले अध्यक्ष शिमगा झाला की मुंबईला येतात ते गणपतीलाच परत जातात. मधल्या पाच-सहा महिन्यांत वीजबिलाचे चेक कसे निघतात? कोऱ्या चेकांवर सही करून ठेवलेली असते. मी कपाटात पाहिलेत. वर्गणीदाराला हे मान्य आहे का?

देवगडचा बागायतदार

खरं आहे. मीही पाहिलेत, आणि सभेत दोन सह्यांवर बोलताना ते माझ्या मनात होते, तरी बोललो नाही.

अध्यक्षांशी आत्ताच फोनवर बोललो. कपाटात सही केलेले चार कोरे चेक आहेत. त्यांनी सांगितलंय, आडव्या दोन रेघा मारून ‘रद्द’ लिहा आणि फोटो पाठवा. उद्या खजिनदाराला घेऊन शाखेत जातो, नेट बँकिंगच्या दुहेरी मंजुरीचा अर्ज मिळाला तर आणतो. ती सोय मिळाली तर पुढच्या सभेत तुमच्या बाजूने हात वर करीन. नाही मिळाली तर चेकबुक राहील, आणि अध्यक्ष गावात असणाऱ्यांपैकीच हवा, असा ठराव मी मांडणार आहे.

हर्णैच्या ताई, तुमचं वाचून मंडळीला दाखवलं. ती मासळीबाजारात तुमच्यासारख्यांकडूनच घेते. म्हणाली, त्या बाईचं बरोबर आहे.