‘नंबर सेव्हन्टीन’सारख्या सावल्या रंगमंचावर कशा पाडायच्या?

झिरो_वॉट: दिग्दर्शक हिचकॉकच्या १९३२च्या ‘नंबर सेव्हन्टीन’ या सिनेमात ओसाड घर, हातात मेणबत्ती आणि जिन्याच्या भिंतीवर अक्राळविक्राळ सावल्या आहेत. एकांकिकेत तसंच हवंय. विंगेतून ६ इंची फ्रेस्नेल (पुढे कंगोरेदार भिंग असलेला रंगमंचाचा दिवा) मारला तर सावलीच्या कडा विरतात, वर एकाच्या दोन सावल्या दिसतात. काय चुकतंय?

तिसरी_विंग: फ्रेस्नेलचं अख्खं भिंगच इथे उजेडाचा उगम ठरतं, म्हणजे १५ सेंमी. दिव्यापासून नट १ मीटरवर आणि नटापासून भिंत ३ मीटरवर असेल, तर कडा तिप्पट, म्हणजे ४५ सेंमी विरणार. भिंग काढून १ सेंमी फिलामेंटचा उघडा हॅलोजन लावा; तीच कड ३ सेंमीवर येते. मात्र याच अंतरांत साडेपाच फुटी नटाची सावली २२ फुटांची होईल आणि डोकं फ्लॅटच्या (नेपथ्यातल्या भिंतीच्या) वर जाईल. दिवा नटापासून २ मीटरवर, भिंत नटामागे २ मीटर ठेवा, ११ फुटांत भागतं. दिवा गुडघ्याच्या उंचीवर. दुसरी सावली बहुधा समोरच्या स्पॉटची. तो त्या प्रवेशापुरता बंदच करा. बऱ्याच ठिपक्यांचा एलईडी तर नकोच, जितके ठिपके तितक्या सावल्या.

जुनी_रिळं: सिनेमातही उजेड मेणबत्तीचा नव्हे. तेव्हाची फिल्म इतकी मंद, म्हणजे कमी उजेड न टिपणारी होती की मेणबत्तीवर अख्खा जिना उमटणं शक्य नव्हतं. काम चौकटीबाहेरच्या दिव्याचं. अशी चोरी पकडायची खूण सोपी आहे: नटाच्या हातातल्या मेणबत्तीचीच सावली भिंतीवर पडली की समजायचं. (कथानक गोंधळाचंच आहे, हिचकॉकनेही नंतर सिनेमा फसल्याचं कबूल केलं. पण जिना पाहावा तर तिथलाच.)

झिरो_वॉट: मग मेणबत्तीची सावली लपवायची कशी? आणि नट चढताना दिवा हलवायचा का?

तिसरी_विंग: मेणबत्ती प्रेक्षकांच्या बाजूच्या हातात, अंगापुढे धरायला सांगा, तिची सावली अंगाच्या सावलीत बुडते. दिवा काठीला बांधून नटाबरोबर वर न्यायचा. दिवा वर गेला की कठड्याच्या गजांच्या सावल्या भिंतीवरून खाली सरकतात, आणि खऱ्या मेणबत्तीनेही तसंच झालं असतं. घाबरून उलटं करू नका. ज्योतीची थरथर हवी तर डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) ६० ते ८० टक्क्यांत हाताने, बेतालच फिरवा. ठरावीक लयीत केली तर दुकानाची पाटी लुकलुकल्यासारखी दिसते.