सिझरनंतर बाळंतिणीची मालिश: काय चालेल, काय नको?

रानजाई
जावेच्या सिझरला आज १६ दिवस झाले. टाके कोरडे आहेत, ताप नाही. सोमवारपासून मालिशवाल्या मावशी येणार. त्यांची पद्धत: पालथं झोपवून पाठ, पोट खालून वर दाबणं, छातीतल्या गाठी मोडणं, शेवटी शेगडी आणि घट्ट पोटपट्टा. यातलं काय करू द्यावं?

सुंठगोळी
डॉक्टरांची हरकत नसेल तर पाठ, कंबर, खांदे, हातपाय चालतील. पोट आत्ता नको. वरची कातडी मिटली तरी आतले थर भरायला साधारण सहा आठवडे लागतात. गर्भाशय आपणहून आकसतं, दाबून ‘जागेवर’ आणावं लागत नाही.

पालथं झोपवू नका. कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. एक बाजू झाली की दुसरी. उठतानाही आधी कुशीवर वळून हाताच्या रेट्यानं.

तिळाचं किंवा खोबरेल, कोमट, पाव वाटी पुरतं. कापूर घातलेलं तेल नको. बाळ अंगाशीच असतं आणि कापूर त्याला विषारी. तळवे पुसल्याशिवाय तिला उभी करू नका, ओल्या मोरीत पाय सटकतो.

आणि हे रोज: तेल लावण्याआधी दोन्ही पोटऱ्या शेजारी ठेवून बघा. एकच सुजलेली, गरम, दुखरी असेल तर चोळायची नाही. शिरेत रक्ताची गाठ असू शकते, ती सुटून फुप्फुसात जाते. तडक दवाखाना. दम लागला, छातीत दुखलं तर थांबूच नका.

काजळमाया_७
छातीतल्या गाठी ‘मोडणं’ साफ बंद करा. ते साचलेलं दूध नसून बहुतेकदा नळ्यांभोवतीची सूज असते. जोरात दाबलं की सूज वाढते, दूध आणखी अडतं, कधी गळूपर्यंत जातं. मांजरीच्या पाठीवरून फिरवावा इतका हलका हात, काखेकडे. पाजून झाल्यावर गार पाण्याची घडी. पाजणं नेहमीसारखं चालू. जास्तीचं पिळून काढत बसलं तर दूध अजून बनतं. लाली पसरली, ताप १००.४ च्या वर गेला की डॉक्टर.

शेगडीबद्दल: बंद खोलीत कोळसा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. वास येत नाही, कळतही नाही. शेक हवाच तर पाठीला कोमट पिशवी. टाक्यांच्या वरच्या भागाला मात्र नाही, तिथली कातडी काही महिने बधिर असते; भाजलं तरी तिला समजणार नाही.

रानजाई
पट्ट्याचं राहिलं. आणि पुढे व्रणाला काही करायचं का?

सुंठगोळी
पट्टा आधारापुरता, आत तळहात सहज सरकेल इतका, झोपताना काढा. आवळला तर दाब खाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर जातो. पोट त्यानं आत जात नाही.

व्रणाचं मात्र नक्की करा, सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर, खपली, स्राव काही नसेल तर. दोन थेंब तेल, दोन बोटं सपाट. पहिला आठवडा व्रणाच्या भोवतीच. मग व्रणावर: कातडी वर-खाली, डावी-उजवी, गोल सरकवायची. बोट कातडीवर घसरलं तर तेल जास्त झालंय. नंतर चिमटीत हलकेच उचलायची. रोज पाच मिनिटं. व्रण खालच्या थराला चिकटला की वाकताना ओढ लागते, ती यानं कमी होते. ओढ जाणवावी, टोचू नये. हे मावशींपेक्षा जाऊबाईंनी स्वतःच्या हातानं केलेलं बरं.