रोजच्या वापरातील जुन्या एमएक्स-5 साठी उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगा कशा निवडाव्यात?

मिडलंड्सकर

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडमध्ये कव्हेंट्रीजवळ राहतो आणि माझ्याकडे 1996 सालची माझदा एमएक्स-5 आहे, म्हणजे बॉनेटमधून वर उघडणाऱ्या दिव्यांची पहिली पिढी, 1.8 लिटरचे इंजिन. ही शनिवार-रविवारी बाहेर काढायची गाडी नाही; रोज कामावर जाणे-येणे, बाजारहाट आणि अधूनमधून वेल्सच्या डोंगरातील फेरी, सर्व याच गाडीने होते. स्प्रिंगा आणि शॉकअप बहुधा कारखान्यातून आलेलेच आहेत. वळणावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलते, आणि चाक व त्यावरची बॉडीची कमान यांच्यामधील मोठी फट मला पहिल्यापासून खटकते.

उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगांचा संच बसवण्याचा विचार आहे. बाजारात 25 मिमीपासून 50 मिमीपर्यंत खाली आणणारे संच मिळतात. इथल्या निवासी रस्त्यांवर गतिरोधक फार आहेत, आणि नियमानुसार त्यांची उंची 100 मिमीपर्यंत असू शकते, त्यामुळे 50 मिमीचा विचार मी सोडून दिला आहे. किती खाली जाणे शहाणपणाचे ठरेल, स्प्रिंग एकसारख्या ताठरतेची घ्यावी की दबत जाईल तशी ताठर होणारी, आणि जुने शॉकअप तसेच ठेवले तर चालतील का, या तीन प्रश्नांवर अनुभवी सभासदांचे मत हवे आहे.

चाकणचा_अभियंता

आपला प्रश्न स्प्रिंगांचा असला तरी उत्तर शॉकअपच्या उरलेल्या वावात, म्हणजे दबायला उरलेल्या जागेत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. माझे काम सस्पेन्शनच्या रचनेचे आहे आणि पहिल्या पिढीच्या एमएक्स-5 ची रचना मला फार आवडते: चारही चाकांना दुहेरी विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन हात), वजन एक टनाच्या आसपास. पण या गाडीत चाक वर जाण्यासाठी मुळातच जागा कमी आहे. शॉकअपच्या दांड्यावरील बंपस्टॉप (शेवटचा धक्का अडवणारा मऊ ठोकळा) फार लवकर कामाला लागतो. माझदाने तो जणू दुसरी स्प्रिंग म्हणूनच योजला आहे. गाडी खाली आणली की नेमकी हीच जागा खर्च होते.

समजण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. उभ्या गाडीत शॉकअपला बंपस्टॉप गाठेपर्यंत 50 मिमी वाव आहे असे माना. शॉकअप चाकापेक्षा आतल्या बाजूला बसवलेला असल्यामुळे गाडी 30 मिमी खाली आल्यावर त्याचा वाव तेवढा कमी होत नाही, पण सुमारे 20 मिमी जातोच. उरले 30. खड्ड्याच्या धक्क्यातली ऊर्जा मात्र पूर्वीएवढीच आहे. स्प्रिंग जी ऊर्जा सामावते ती दबण्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे तेवढीच ऊर्जा 50 ऐवजी 30 मिमीमध्ये सामावायची तर स्प्रिंग जवळजवळ पावणेतीन पट ताठर लागेल. मग गाडीच्या वरखाली होण्याची वारंवारता दीड हर्ट्झवरून अडीच हर्ट्झकडे जाईल, आणि ते शर्यतीच्या गाडीचे क्षेत्र आहे. इंचभर खाली आणणारी कोणतीही रस्त्यावरची स्प्रिंग इतकी ताठर नसते, असूही नये. परिणामी फरकाचा सगळा भार बंपस्टॉपवर येतो. ‘स्प्रिंग कडक आहे, गाडी फार आदळते’ अशी जी तक्रार आपण नेहमी ऐकतो, तिच्यात पुष्कळदा दोष स्प्रिंगचा नसून बंपस्टॉपवर सतत टेकलेल्या शॉकअपचा असतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. 25 मिमीच्या आसपास थांबावे, आणि त्यासोबत वाव परत मिळवण्याची व्यवस्था करावी. दुसऱ्या पिढीचे (1998 ते 2005) शॉकअपचे वरचे माउंट (शॉकअप गाडीच्या सांगाड्याला जोडणारा भाग) थोड्या जुळवणीने पहिल्या पिढीला बसतात आणि त्यांत दांड्याला अधिक जागा मिळते. त्यांच्यासोबत चांगल्या प्रतीचे, आखूड आणि हळूहळू ताठर होत जाणारे बंपस्टॉप घ्यावेत. मूळ बंपस्टॉप सुरीने कापण्याचा सल्ला अनेक जण देतात. कापताना बहुधा त्याचे मऊ टोकच जाते आणि उरलेला भाग भिंतीसारखा लागतो, म्हणून तो सल्ला मानू नये.

दबत जाईल तशी ताठर होणारी स्प्रिंग रोजच्या वापरासाठी वाईट नाही. सुरुवातीची जवळजवळ असलेली वेटोळी गाडीच्या वजनानेच बरीचशी मिटतात, आणि चाक मोकळे लोंबले तरी स्प्रिंग बैठकीत सैल पडत नाही, हा तिचा खरा फायदा आहे. एकसारख्या ताठरतेच्या स्प्रिंगेशी शॉकअप जुळवणे मात्र सोपे असते. पंचवीसेक मिलिमीटरच्या फरकासाठी या निवडीवर फार डोके शिणवू नये.

श्टुटगार्टवासी

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. शॉकअपबद्दल थोडी भर घालतो. मूळ शॉकअपचे वय लक्षात घेता ते ठेवून केवळ स्प्रिंगा बदलणे म्हणजे खर्च दोनदा करणे होय, कारण स्प्रिंग काढताना शॉकअप उतरवावाच लागतो आणि मजुरी तीच पडते. अधिक ताठर स्प्रिंगेची उसळी थोपवायला शॉकअपमध्येही जोर लागतो, आणि थकलेल्या शॉकअपवर गाडी एका धक्क्यानंतर दोन-तीनदा झुलते. बिल्स्टाइनच्या बाबतीत बी6 हा मूळ उंचीच्या स्प्रिंगांसाठी आणि बी8 हा आखूड स्प्रिंगांसाठी बनवलेला आहे, हा भेद मागणी नोंदवताना पाहावा. कोनीचे समायोज्य शॉकअपही या गाडीवर पुष्कळ लोक वापरतात. त्यांत उसळी रोखण्याचा जोर कमी-अधिक करता येतो.

इथे जर्मनीत अशा स्प्रिंगांसोबत तपासणी-अहवाल असावा लागतो, बसवल्यानंतर तज्ज्ञाकडून गाडी पाहून घ्यावी लागते आणि बदलाची नोंद गाडीच्या कागदपत्रांत करावी लागते. आयबाख आणि एच अँड आर या दोन्ही कंपन्या इथल्याच असल्याने त्यांच्या संचांना असे कागद सहसा असतात. आपल्याला इंग्लंडमध्ये त्यांची सक्ती नाही, पण तो अहवाल ज्या संचासोबत मिळतो त्याची मापे आणि भार कोणीतरी तपासलेले आहेत एवढा विश्वास ठेवता येतो. नाव नसलेला स्वस्त संच घेऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. आणि विमा कंपनीला आधी कळवा. न कळवलेल्या बदलामुळे दावा अडू शकतो.

जुन्या_गाड्या

माझे मत जरा वेगळे आहे. धागाकर्त्यांनी गाडी कलते असे म्हटले आहे, पण इतकी वर्षे जुन्या, इंग्लंडच्या हिवाळी मिठात वाढलेल्या गाडीत सस्पेन्शनच्या सांध्यांतील रबरी बुश चिरलेले असण्याची शक्यता मोठी आहे. आधी चारही चाकांच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. डाव्या-उजव्या बाजूंत फरक निघाला तर एखादी स्प्रिंग बसलेली किंवा तुटलेली आहे; तुटलेली स्प्रिंग वार्षिक एमओटी तपासणीत नापास होते आणि तळाचे तुटलेले वेटोळे वरून सहजी दिसत नाही. नवे शॉकअप, नवे बुश आणि मूळ उंचीच्या नव्या स्प्रिंगा एवढे केले तरी ही गाडी ज्यासाठी नावाजली गेली तो हलकेपणा परत येतो. कलणे कमी करायचे असेल तर थोडा जाड अँटीरोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, कलणे रोखणारी दांडी) बसवावा. त्यात उंचीचा एक मिलिमीटरही खर्च होत नाही. रोज वापरायच्या गाडीत मी फटीकडे दुर्लक्ष करीन.

मिडलंड्सकर

सर्वांचे मनापासून आभार. अंतरे मोजली. मागची डावी बाजू उजवीपेक्षा स्पष्टपणे खाली आहे, त्यामुळे स्प्रिंगा बदलणे आता आवश्यकच झाले आहे. इंचभर खाली आणणारा, तपासणी-अहवाल असलेला संच, त्याला जुळणारे शॉकअप आणि दुसऱ्या पिढीचे माउंट अशी मागणी नोंदवण्याचे ठरवत आहे. बुशची दुरवस्था मलाही दिसली, ते सोबतच बदलीन. फट थोडी तरी कमी व्हावी ही इच्छा मात्र सोडवत नाही. अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवण्याच्या) बोल्टबद्दल कोणी मार्गदर्शन करील का? ते गंजून जाम झाल्यासारखे दिसतात.

चाकणचा_अभियंता

निवड योग्य आहे. त्या बोल्टांची परीक्षा सुटे भाग मागवण्याआधी करा. खालच्या विशबोनच्या मुळाशी असलेले हे विकेंद्री (मध्य एका बाजूला सरकलेले) बोल्ट फिरवूनच पुढचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) व कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे-पुढे कल) आणि मागचा कॅम्बर व टो (वरून पाहता चाकाचे तोंड आत वा बाहेर वळलेले असणे) जुळवले जातात. गाडी खाली आली की दुहेरी विशबोनमुळे कॅम्बर आणखी ऋण होतो, म्हणजे चाकाचा माथा आत झुकतो, आणि टोही बदलतो. बोल्ट फिरत नसेल तर अलाइनमेंट करणारा कारागीर काहीही करू शकणार नाही. टायर आतून झिजले की लोक कॅम्बरला दोष देतात, परंतु बिघडलेला टो त्यापेक्षा कितीतरी वेगाने टायर खातो. गंज सोडवणारे तेल काही दिवस रोज मारा, नट सैल करून बोल्ट फिरतो का पाहा. बोल्ट बुशच्या आतील नळीला चिकटला असेल तर कापावाच लागेल. तुम्ही बुश बदलणारच आहात, तेव्हा नवे बोल्टही त्याच मागणीत घ्या आणि बसवताना त्यांना भरपूर ग्रीस लावा.

रबरी बुश वापरणार असाल तर विशबोनचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नका. चाके लोंबत असताना आवळल्यास गाडी खाली टेकताच प्रत्येक बुश पिळलेल्या अवस्थेत राहते, त्यामुळे उंची चुकीची दिसते आणि रबर लवकर फाटते. गाडी चाकांवर उभी करून, थोडी पुढे-मागे ढकलून, मग आवळा. स्प्रिंगा बसायला एक-दोन आठवडे द्या आणि त्यानंतरच अलाइनमेंट करून घ्या. दिव्यांचा झोतही त्याच वेळी तपासून घ्या, कारण पुढची व मागची बाजू सारख्याच प्रमाणात खाली येईल असे नाही.