मदत हवी आहे: गेममधला सामूहिक गाण्याचा प्रसंग

मित्रांसाठी मराठीतून डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायचा गोष्टीचा खेळ) चालवतो. पुढच्या सत्रात हरलेल्या टोळीने एकत्र गाण्याचा प्रसंग घालायचाय आणि तिथेच अडलोय.

डोक्यात आहे २०१४ चा व्हिडिओ गेम 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'. हेवन गाव उद्ध्वस्त झालंय, वाचलेले लोक बर्फात तळ ठोकून आहेत, नायकाचे साथीदार कलन-कसांड्रा वगैरे भांडून थकलेत. मग मदर जिझेल ही धर्मगुरू चँट्रीचं (गेममधल्या चर्चचं) भजन सुरू करते. लेलियाना ही आणखी एक साथीदार सूर मिळवते, बघता बघता सगळा तळ गातो आणि लोक नायकापुढे गुडघे टेकतात.

माझ्या अंगावर काटा येतो. पण आमच्या ग्रुपमधले दोघे या प्रसंगाला सरळ हसतात. एकाचं म्हणणं, आत्ता रडणारे सगळे अचानक सुरात कसे? (हे मला फालतू वाटतं, गेममध्ये ड्रॅगन चालतो तर हेही चालावं.) दुसरीचा आक्षेप मात्र बोचतो. तिने निवडलेली नायिका डेलिश एल्फ, म्हणजे वेगळे देव मानणाऱ्या भटक्या एल्फ जमातीतली, चँट्रीच्या पूज्य अँड्रास्टेला न मानणारी. तरी तिच्याभोवती त्याच धर्माचं भजन, आणि तिला बोलायला एकही पर्याय नाही, नुसतं उभं राहायचं.

ज्यांनी खेळलाय त्यांनी सांगा: तुमचं पात्र कोणतं होतं आणि प्रसंग भिडला की खटकला? आणि टेबलावर असं काही केलं असेल तर खेळाडूंना गाण्यात ओढलंत, की नकार द्यायला जागा ठेवलीत? गाणं खरंच म्हणायचं की नुसतं वर्णन करायचं? माझा आवाज यथातथाच आहे, हे धरून सुचवा.